पाणीमंत्री सी मुख्तार

समुद्राकडची खिडकी असलेली केबिन मला मिळणार, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. अकरा वर्षं मी कुवेतमधल्या त्या कंपनीत पाणी शुद्ध करण्याच्या प्रकल्पांची गणितं करत होतो. आमचे मालक अबू फैसल यांनी स्वतः माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "खैरनार, खिडकी तुझी." मी लगेच सुषमाला फोन केला.

"खिडकीतून काय दिसतं?" तिने विचारलं.

"समुद्र."

"तो तर आपल्या गच्चीवरूनही दिसतो की," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मी माझी पुस्तकं दोन खोक्यांत भरून तयार होतो, तेव्हा लिफ्टचं दार उघडलं आणि अबू फैसल एका म्हाताऱ्या गृहस्थाला हाताला धरून बाहेर आले. मे महिन्याच्या त्या उकाड्यात गृहस्थांच्या अंगावर राखाडी सूट, गळ्यात टाय, आणि हातात एक जुनी चामडी बॅग. आमचे मालक, ज्यांना मी कधी कोणासाठी खुर्चीतून उठलेलं पाहिलं नव्हतं, ते त्या गृहस्थांच्या अर्धं पाऊल मागे चालत होते आणि त्यांना "मआली" म्हणत होते. मआली म्हणजे मंत्रिमहोदय. ते दोघे सरळ माझ्या खिडकीच्या केबिनमध्ये गेले. मी खोकी टेबलाखाली सरकवली.

हे सी मुख्तार. 'सी' म्हणजे आपल्याकडचं 'राव' समजावं. फक्त आपण ते नावानंतर लावतो आणि त्यांच्याकडे नावाआधी लावतात. त्यांच्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांची माणसं अजून तिथे आहेत. उत्तर आफ्रिकेत, वरच्या बाजूला ऑलिव्हची झाडं आणि समुद्र, खालच्या बाजूला वाळवंट, असा एक देश. तिथे ते नऊ वर्षं पाणीखात्याचे मंत्री होते. मग सरकार बदललं. ते आधी एका देशात, मग दुसऱ्या देशात राहिले आणि शेवटी अबू फैसलच्या जुन्या ओळखीवर कुवेतला आले. आमच्या कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं आणि त्या नोकरीवर त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तयार झाला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या मजल्याची ओळख करून घेतली. ओळख म्हणजे नुसतं नाव नव्हे. चहा करणारे बशीर चाचा गेली सतरा वर्षं आमच्याकडे होते; त्यांच्या गावाजवळून नदी वाहते आणि दर चार वर्षांनी ती अंगण घेऊन जाते, हे मला सी मुख्तारांकडून कळलं. हिशेब विभागातल्या लीलाम्मा बाई चर्चमध्ये गातात, हेही. त्यांच्या केबिनमध्ये कोणीही शिरलं की ते उठून उभे राहत. बशीर चाचा ट्रे घेऊन आले तरी उभे. पहिल्या दिवशी चाचा घाबरून परत फिरले. त्यांना वाटलं, साहेब बाहेर निघाले.

माझ्याकडे ते तिसऱ्या दिवशी आले. माझी पाटी त्यांनी मोठ्याने वाचली. "खैर-नार. तुम्हाला अरबी येतं?"

"कामापुरतं."

"मग तुम्हाला माहीत असेल. खैर म्हणजे भलं आणि नार म्हणजे आग. तुमच्या नावात दोन्ही आहे. कोणतं आधी येतं?"

"पाटीवर तर खैर आधी आहे," मी म्हणालो.

ते मनापासून हसले. नाशिकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं माझं आडनाव, बावीस वर्षं अरबांच्या देशात काढूनही मी कधी असं उलगडून पाहिलं नव्हतं. ते मला सुचलं नाही याचा मला राग आला. घरी जाऊन मी हे सुषमाला आणि मुक्ताला सांगितलं, पण सी मुख्तारांचं नाव न घेता. माझी मुलगी मुक्ता तेव्हा सोळा वर्षांची होती आणि माझ्याशी शक्यतो इंग्रजीतून आणि शक्यतो एका शब्दात बोलत असे. ती चक्क म्हणाली, "बाबा, दॅट्स कूल." तो माझा त्या महिन्यातला सगळ्यात चांगला दिवस होता, आणि तो उसना होता.

त्यांना पाण्याचं शास्त्र येत नव्हतं. हे मी आधीच सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे. ते मूळचे भूगोलाचे शिक्षक. दक्षिणेकडच्या एका खजुराच्या गावात त्यांचे वडील झऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या लावायचे. कोणाच्या बागेत किती वेळ पाणी जायचं ते ठरवायचे. मुलगा शिकला, शिक्षक झाला, शिक्षकांच्या संघटनेत बोलू लागला, निवडून आला आणि मंत्री झाला. पाण्याच्या दाबाचं साधं गणित त्यांना मांडता यायचं नाही. मी एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर आकड्यांनी भरलेला तक्ता ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "हे मला समजत नाही. तुम्ही मला समजावणार का?" एवढ्या सरळपणे 'मला समजत नाही' म्हणणारा माणूस मी आमच्या धंद्यात पाहिला नव्हता. मी समजावायला लागलो. मी थांबलो की ते म्हणायचे, "आणि मग?" आणि गप्प बसायचे. ती त्यांची सवय होती. "आणि मग?" म्हणायचं आणि समोरच्याकडे असं बघत राहायचं की त्याच्या पुढच्या वाक्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. त्या दिवशी मी दीड तास बोललो. बाहेर आल्यावर लक्षात आलं की मी त्यांना उघडं पाडायला गेलो होतो.

ती सवय मी घरी वापरून पाहिली. जेवताना मुक्ता शाळेतलं काहीतरी सांगत होती. ती थांबल्यावर मी म्हटलं, "आणि मग?" आणि तिच्याकडे बघत राहिलो.

"मग काय? नथिंग."

मी बघतच राहिलो.

"आई, बाबा असे का बघतायत?" ती म्हणाली, आणि ताट उचलून खोलीत गेली.

त्या वर्षी आमच्याकडे एक मोठं काम चालू होतं. शहराचं सांडपाणी शुद्ध करून दक्षिणेकडच्या शेतांना द्यायचं. पाणी पिकांसाठी निर्धोक होतं. त्याच्या तपासण्या मी स्वतः करून घेतल्या होत्या. पण शेतमालकांनी नकार दिला होता. त्यांच्या दिवानियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, आम्ही गेलो. वीसेक माणसं गाद्यांवर भिंतीला टेकून बसलेली. मी पडद्यावर आलेख दाखवले. अर्धा तास मी आलेख दाखवत होतो आणि कॉफी फिरत होती. शेवटी सगळ्यांत वयस्कर मालक, ज्यांना सगळे हाजी म्हणत होते, ते म्हणाले, "पाणी घाण आहे. घाण ती घाण."

सी मुख्तार तोपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी हाजींना विचारलं, "तुमच्या वडिलांची विहीर होती का?"

हाजी म्हणाले, होती. आणि मग ते त्या विहिरीबद्दल बोलू लागले. ती कोणी खणली, तिचं पाणी कधी मचूळ झालं, उंट कसे त्या पाण्याला तोंड लावेनासे झाले. सी मुख्तारांनी दोनदा "आणि मग?" म्हटलं. पाऊण तास गेला. मी घड्याळाकडे बघत होतो. विहीर आटल्यापाशी हाजी थांबले. सी मुख्तार म्हणाले, "या नव्या पाण्याची काकडी तुमच्या नातवंडांनी खावी असं तुम्हाला वाटायचं असेल, तर आधी काय व्हायला हवं?"

हाजींनी सगळ्या खोलीवर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "आधी यांनी खावी. माझ्यासमोर. पूर्ण हंगाम."

खोली हसली. आणि तसंच झालं. एका शेतात प्रयोग झाला आणि तीन महिने दर गुरुवारी मी शंभरेक किलोमीटर गाडी चालवत जाऊन हाजींसमोर काकडी खाल्ली. सी मुख्तार प्रत्येक वेळी सोबत आले आणि त्यांनीही खाल्ली. खिशात ते मिठाची छोटी डबी ठेवायचे. हंगाम संपल्यावर हाजींनी सही केली, इतरांनी केली, आणि काम आम्हाला मिळालं. अबू फैसलने सगळ्यांना बोलावून सी मुख्तारांचं कौतुक केलं. ते उठले आणि म्हणाले, "हे काम मिस्टर खैरनारांचं आहे. पाणी त्यांनी शुद्ध केलं. मी फक्त मीठ आणलं." टाळ्या पडल्या. सगळे माझ्याकडे वळून बघत होते, आणि मला वाटत होतं, हे वाक्य मला का सुचत नाही? श्रेय घ्यावं कसं हे मला थोडंफार येत होतं. द्यावं कसं हे या माणसाला इतकं सुंदर यावं, आणि ते दिल्यावर तोच मोठा दिसावा, हे मला सहन होत नव्हतं.

दिवाळीला सुषमाने त्यांना बोलावलं. कुवेतच्या मंगफ भागातल्या मित्रांच्या घरी आमचा दहा-बारा कुटुंबांचा फराळ असतो. तेल कंपन्यांतले इंजिनियर, बँकेतली दोन-तीन माणसं, एक नागपूरचं जोडपं. मी म्हटलं, "त्यांना कशाला? ते कंटाळतील." ती म्हणाली, "विचारून तर बघ." मी विचारलं नाही, तिने माझ्या फोनवरून नंबर घेऊन स्वतः विचारलं. ते आले, सूट-टायमध्ये, आणि येताना त्यांनी खजुराचा डबा आणला.

आमचे लोक त्यांच्याभोवती राजकारण काढून बसले. त्यांनी उत्तरं दिली, पण त्यांचं लक्ष चकलीकडे होतं. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि सुषमाला विचारलं, "ही तुटत का नाही? आणि तोंडात घातल्यावर लगेच का तुटते?"

सुषमा आधी लाजली. मग तिने भाजणीत काय काय असतं ते सांगितलं, डाळी कशा वेगवेगळ्या भाजायच्या, मोहन किती, तेल तापलं हे कसं ओळखायचं, पहिली चकली का बिघडते. तिचं इंग्रजी अडलं की मुक्ता मधे अरबी शब्द घालत होती, शाळेत शिकलेले. तिघंही ओट्यापाशी उभी. मी दारात. अर्धा तास मी माझ्या बायकोचा चेहरा बघत होतो. तो चेहरा मी लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पाहिला असेल.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "वीस वर्षं चकल्या खातोस. तेल तापलं हे मला कसं कळतं, असं एकदा तरी विचारलंस?"

"मला चकली आवडते. अजून काय विचारायचं?"

"तेच," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मागून मुक्ता म्हणाली, "ही इज सो नाइस, ना? त्यांनी मला विचारलं, बाबा दिवसभर काय करतात. मला सांगताच आलं नाही. मी म्हटलं, ही वर्क्स इन वॉटर. ते म्हणाले, घरी जाऊन त्यांना विचार." ती थोडं थांबली. "पण मी नंतर विचारते. आता झोप येतेय."

तिने विचारलं नाही. पण त्यांच्याशी मात्र तिचा ईमेल सुरू झाला. शाळेच्या प्रकल्पासाठी म्हणे. धरणं, नद्या, दोन देशांमधले पाण्याचे करार. ती मोठ्याने हसत त्यांची उत्तरं वाचायची आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

हिवाळ्यात कंपनीची सहल खैरानला गेली. समुद्रकाठी भाड्याची बैठी घरं, तिथे कोळशावर मासे, कोणी पत्ते, कोणी क्रिकेट. सी मुख्तार पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय सोडून बसले होते, टाय तसाच. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. का बसलो ते मला नीट सांगता येणार नाही. ज्याचा हेवा वाटतो त्या माणसापासून लांब राहवत नाही, एवढं मात्र मला त्या वर्षांत कळलं.

त्या दिवशी ते स्वतःहून बोलले. मंत्री असताना त्यांच्यापुढे एक कागद आला होता. दक्षिणेतल्या झऱ्यांचं पाणी पाइपने किनाऱ्यावरच्या हॉटेलांकडे न्यायचं. सोबत अहवाल होता की जमिनीखाली पाणी भरपूर आहे, झऱ्यांना काही होणार नाही. तो लिहिणारा भूजलतज्ज्ञ स्वतः फाइल घेऊन त्यांच्या खोलीत आला होता.

"तो माझ्यासमोर उभा होता," सी मुख्तार म्हणाले. "मी वाचत होतो आणि तो उभा होता. त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्याला कोणीतरी हे लिहायला लावलं आहे. मी एकच प्रश्न विचारायचा होता. 'हे खरं आहे का?' त्याने खोटं सांगितलं नसतं. म्हणून मी विचारलं नाही. सही केली."

"ते गाव कोणतं?" मी विचारलं.

"माझं." त्यांनी पायाने पाणी हलवलं. "चार वर्षांत झरे आटले. माझ्या वडिलांनी ज्या बागांना पाळ्या लावल्या, त्या सगळ्या वाळल्या. लोक शहरात गेले, कोणी बोटीत बसून समुद्रापलीकडे गेले. सगळे पोहोचले नाहीत."

आता तिथे एक चौकशी आयोग बसला होता. त्यांना दोनदा बोलावणं आलं होतं. वकील म्हणत होते, जाऊ नका. कुवेतचा इकामा आहे तोवर तुम्हाला कोणी हात लावत नाही. ते गेले नव्हते.

"मग जाणार का?" मी विचारलं.

"रोज सकाळी ठरवतो की जायचं," ते म्हणाले. "मग ऑफिसला येतो."

हे सगळं मला माहीत होतं, हे इथे मुद्दाम लिहितो. कारण दोन महिन्यांनी अबू फैसल आजारी पडले आणि त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. बाहेरच्या देशात शिकून आलेला, नीटनेटका मुलगा. त्याने मला बोलावलं. "अंकल, हे सल्लागार नेमकं करतात काय? तुम्ही त्यांच्यासोबत काम केलं आहे. मला एक पान लिहून द्या. तांत्रिक योगदान, एवढंच."

मी एक पान लिहिलं. सगळं खरं लिहिलं. की त्यांना जलशास्त्राचं शिक्षण नाही. की एकाही आराखड्यावर त्यांची गणितं नाहीत. की बैठकींमध्ये त्यांच्या सूचना सर्वसाधारण स्वरूपाच्या असतात. हाजींची विहीर मी लिहिली नाही, कारण तिचा तांत्रिक योगदानाशी संबंध नव्हता. पान मी त्याच दिवशी नेऊन दिलं. त्या दुपारी मला भूक चांगली लागली.

करार पुढे वाढवला गेला नाही. नोकरी गेली की इकामा जातो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत असतं. सी मुख्तारांनी पंधरा दिवसांत आवरलं. शेवटच्या दिवशी ते सगळ्या मजल्यावर फिरले. बशीर चाचांनी त्यांना मिठी मारली आणि सोडेनात. लीलाम्मा बाई रडल्या. माझ्या टेबलापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "शुक्रवारी सकाळी तुम्ही मला विमानतळावर सोडाल का? टॅक्सीवाल्याशी मला त्या दिवशी बोलवणार नाही."

मला नाही म्हणता आलं नाही.

सलव्यातल्या त्यांच्या घरून निघालो तेव्हा हवेत धूळ होती आणि समोरचे दिवे पिवळे दिसत होते. ते पुढच्या सीटवर, बॅग मांडीवर.  थोडं पुढे गेल्यावर मीच बोललो. मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"सी मुख्तार, तो रिपोर्ट मी लिहिला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मालकांच्या मुलाने मला दाखवला. चांगला लिहिला आहे. एका ठिकाणी माझ्या पदाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं."

"तुम्ही त्याला काही म्हणाला नाहीत?"

"मी म्हणालो, मिस्टर खैरनार इथले सगळ्यात चांगले इंजिनियर आहेत. त्यांनी लिहिलं असेल तर ते बरोबरच असणार."

मी गाडी हळू केली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. "तुम्हाला राग नाही आला?"

"आला. दोन दिवस खूप आला. तुमच्या काकड्यांची आठवण येऊन जास्त आला." ते थोडं हसले, मग हसणं गेलं. "का लिहिलंत? जाब म्हणून विचारत नाही मी. मला खरंच जाणून घ्यायचं आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द मोठ्याने उच्चारला. "हेवा वाटला. तुमचा."

ते वळून माझ्याकडे बघत राहिले. "माझा? ज्याला स्वतःच्या गावात पाय ठेवता येत नाही, त्याचा?"

"माझी मुलगी तुमच्याशी बोलते," मी म्हणालो. अजून पुष्कळ होतं, पण तेवढंच आलं.

त्यांनी "आणि मग?" म्हटलं नाही.  विमानतळाचा फलक आला तेव्हा म्हणाले, "एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. तुमच्यामुळे मी परत चाललोय असं समजू नका. दुसऱ्या दोन कंपन्यांनी मला बोलावलं होतं. एकीने कागदही तयार ठेवले होते. मी नाही म्हटलं. जायचं मी ठरवलं. इतक्या वर्षांत एवढी एक गोष्ट मी स्वतः ठरवली आहे. ती माझ्याकडून घेऊ नका."

मी गाडी लावली, बॅग त्यांनी मला उचलू दिली नाही. दाराशी त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, सुषमाला नमस्कार सांगितला, आणि आत गेले. काचेतून मला दिसत होतं. आपला कागद सापडत नसलेल्या एका बाईला ते रांगेत पुढे जाऊ देत होते. मी तिथे उभा होतो. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मनात आलं ते हे की माझं पापसुद्धा या माणसाने माझ्याजवळ राहू दिलं नाही. आणि दुसरं, त्याहून वाईट, की त्यांना कुठेतरी जायचं होतं. तिथे लोक त्यांना प्रश्न विचारायला बसले होते. माझी वाट बघत असं कोणीच बसलं नव्हतं.

आयोगापुढची त्यांची साक्ष इंटरनेटवर दाखवली. मुक्ता लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये बसली आणि मला म्हणाली, "बाबा, इकडे या." अरबी तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यांची बोली वेगळी असली तरी ते सावकाश बोलत होते. ती मला मराठीतून सांगत होती, अडखळत. "ते म्हणतायत, अहवाल खोटा होता हे मला दिसत होतं. जज विचारतोय, मग विचारलं का नाही? ते म्हणतायत, उत्तर माहीत होतं म्हणून." मागच्या बाकांवर त्यांच्या गावचे लोक बसले होते. एक बाई उठून ओरडली. मुक्ताने त्याचा अर्थ सांगितला नाही. सी मुख्तार मान वर करून तिचं बोलणं संपेपर्यंत तिच्याकडे बघत उभे होते.

मग मुक्ता म्हणाली, "बाबा, जमिनीखालचं पाणी संपतं कसं? म्हणजे, खाली असतं तरी कसं?"

मी कागद घेतला. वाळूचे थर काढले, खडक काढला, झरा काढला. ती पुढे वाकून बघत होती. सतरा वर्षांत तिने मला माझ्या कामाचं विचारलेलं हे पहिलंच. आणि तेही त्यांच्यासाठी विचारलेलं. हे मनात आलं, नाही असं नाही. पण मी थर काढत राहिलो.

त्यांना तुरुंगात टाकलं नाही. त्यांनी जपून ठेवलेली कागदपत्रं आयोगाला दिली, त्यावरून पुढे वरच्या लोकांवर खटले सुरू झाले. त्यांना कुठलंही सरकारी पद घ्यायला कायमची बंदी झाली. पाइपचं अर्धं पाणी थांबवलं. झरे काही परत आले नाहीत. आयोगाचं काम झाल्यावर ते राजधानीत राहिले नाहीत. त्याच गावात एक खोली घेऊन राहिले. अर्धं गाव त्यांच्याशी बोलत नाही, असं त्यांनी मुक्ताला लिहिलं. उरलेलं अर्धं बोलतं ते त्यांना सुनावण्यासाठी.

खिडकीची केबिन आता माझी आहे. समुद्र दिसतो. बशीर चाचा चहा ठेवतात आणि जातात. मी कधीकधी उठून उभा राहतो, ते विचारतात, "कुछ चाहिए, साब?"

मुक्ता आता पुण्यात भूशास्त्र शिकते. गेल्या महिन्यात तिने मला एक फोटो पाठवला, सी मुख्तारांनी तिला पाठवलेला. गावच्या नगरपालिकेत पाण्याच्या पाळ्यांची सभा चालली आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर ओल. ते तिसऱ्या रांगेत, कडेला, सूट नाही, साधा झब्बा आणि लोकरीची टोपी.

"किती वाळलेत," सुषमा म्हणाली आणि चष्मा आणायला आत गेली.

मी फोटो बोटांनी मोठा केला. शेजारी एक फाटक्या कोटातला शेतकरी बसला होता आणि रागाने, हात उडवून, त्यांना काहीतरी सांगत होता. सी मुख्तारांनी सभेकडे पाठ करून पूर्ण अंग त्याच्याकडे वळवलं होतं.

मी त्या शेतकऱ्याकडेच बघत राहिलो. त्याचाही मला हेवा वाटला.